एका पत्त्यावरची शंभर नावं

चाळीत राहिलेल्या माणसाला पत्ता म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. घाटकोपरच्या भटवाडीत घ्या किंवा मुलुंडच्या जुन्या वस्तीत घ्या, चाळीला नाव एक, रस्ता एक, आणि आत चाळीस बिऱ्हाडं. पोस्टमन चौकात उभा राहून पाकिटावरचं नाव पुकारतो आणि ज्याचं त्याला मिळतं. नावच पुसट झालं असेल, तर तो पाकीट पहिल्या खोलीत देऊन मोकळा होतो. पोटभाडेकरूच्या पत्रावर मूळ भाडेकरूचं नाव आणि पुढे 'मार्फत' असं लिहायचं. हा 'मार्फत' अरबीतून आपल्याकडे आला. तिथे त्याचा अर्थ ओळख. सूफी मंडळी ईश्वराच्या ओळखीला हाच शब्द वापरतात आणि आपण पोस्टकार्डावर. शब्दांचे प्रवास असे गमतीचे असतात.

मला आज जी हकिकत सांगायची आहे तिच्यात हे सगळं आहे. चाळ आहे, पुकारलेलं नाव आहे, पहिली खोली आहे, पोटभाडेकरूही आहे. हकिकत मात्र संगणकाची आहे. एकाच यंत्रावर, एकाच पत्त्यावर, वेगवेगळ्या नावांच्या शेकडो वेबसाइट नांदू लागल्या, ते कसं घडलं याची. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. यातलं जे कळलं ते विचारून विचारून. विचारण्याची वेळ आली, कारण आम्हा मित्रांच्या कविता काही वर्षं अशाच एका सामाईक घरात राहत होत्या.

आधी आकडा आणि नाव यांचं नातं पाहू. इंटरनेटवरच्या यंत्राला एक क्रमांक असतो, टेलिफोनसारखा. १९८१ साली जी व्यवस्था ठरली तिच्यात असे ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक होऊ शकतात, म्हणजे सुमारे ४३० कोटी. त्या काळी हा साठा कुबेराचा वाटला. पण माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावं राहतात. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने नावांच्या नोंदवहीची पद्धत आखली. आपण नाव टाकायचं, नोंदवही त्यामागचा क्रमांक शोधून देते. या नावालाच 'डोमेन नेम' म्हणतात.

भारताच्या वाट्याला आलेली नोंदवही, म्हणजे 'डॉट इन'ने संपणाऱ्या नावांची, कुठे होती? आपल्या उपनगरातच, जुहूला. गुलमोहर क्रॉस रोडवर 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' ही सरकारी संस्था होती, संक्षेपाने एनसीएसटी. डॉ. एस. रमणी तिचे संचालक. सिनेनटांचे बंगले पाहायला जुहूला येणाऱ्यांपैकी कुणालाही त्या गल्लीत काय चाललंय याची कल्पना नव्हती. १९८६-८७ मध्ये देशातल्या पाच आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था, दिल्लीचं इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि ही जुहूची संस्था यांना जोडणारं 'अर्नेट' नावाचं जाळं सुरू झालं. सुरुवातीला फक्त टपाल, तेही टेलिफोनच्या तारेवरून. १९८९ साली 'डॉट इन' भारताच्या नावावर लागलं आणि त्याचं दफ्तर जुहूला आलं. १९९० साली अर्नेटला क्रमांकांचा एक गठ्ठा मिळाला, १४४.१६ ने सुरू होणारा, पासष्ट हजारांहून जास्त क्रमांकांचा. १९९२ साली एनसीएसटीतून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ६४ किलोबिटची लाइन पडली. आज एखादा फोटो पाठवायला ती अपुरी पडेल. तेव्हा अख्ख्या देशातल्या संशोधकांची ती खिडकी होती.

जुहूच्या दफ्तरातले नियम कडक होते. कागदपत्रं दाखवा, संस्था भारतीय असल्याचं सिद्ध करा, मग नाव मिळेल. परिणाम असा, की १९९२ ते २००४ या बारा वर्षांत 'डॉट इन'ची नावं नोंदली गेली सुमारे सात हजार. एवढी नावं तर एखाद्या गृहनिर्माण संकुलाच्या मतदारयादीत असतात. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, २००५ च्या जानेवारीत दफ्तर 'निक्सी' या संस्थेकडे गेलं, नियम सैल झाले आणि २०१० पर्यंत आकडा सहा लाखांच्या पुढे गेला. पण नियम सैल होऊन भागणार नव्हतं. नाव मिळालं तरी ते ठेवायला घर लागतं, आणि घराचीच अडचण होती.

ती अडचण १९९१ सालच्या एका साधेपणात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेब उभं केलं, तेव्हा एका यंत्राने दुसऱ्याकडे पान कसं मागायचं याची भाषा अगदी त्रोटक ठेवली. आपला ब्राउझर नोंदवहीतून क्रमांक शोधायचा, त्या दारावर टकटक करायचा आणि म्हणायचा, 'अमुक पान द्या.' कुणाचं पान, हे तो सांगतच नसे. नाव नोंदवहीपाशीच संपलेलं असे, दारापर्यंत पोचायचा फक्त आकडा. सर्नमध्ये यात काही बिघडत नव्हतं. एक यंत्र, एक मालक, एक साइट. नाव कशाला सांगायचं?

बिघडलं ते वेब बाजारात आल्यावर. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तिकडे अमेरिकेत तोवर प्रत्येक दुकानदाराला स्वतःच्या नावाची साइट हवी झाली होती. साइट चार पानांची, दिवसाला पाहणारे दहा. पण तिच्यासाठी एक अख्खा क्रमांक अडवायचा. एका यंत्राला अनेक क्रमांक देऊन एकाच यंत्रावर अनेक साइट ठेवता येत, नाही असं नाही. पण ते म्हणजे चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडासाठी रस्त्यावर वेगळा दरवाजा फोडण्यासारखं झालं. भिंत किती पुरणार? ४३० कोटींचा कुबेरही हिशेब करू लागला.

तोडगा निघाला तो एका ओळीचा. ब्राउझरने पान मागताना आणखी एक ओळ लिहायची: 'होस्ट', दोन टिंबं, आणि ज्याच्याकडे आलोय त्याचं नाव. बस्स. नेटस्केपचा ब्राउझर दुसऱ्या आवृत्तीपासून ही ओळ पाठवू लागला. अपाची नावाचं, फुकट वाटलं जाणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर १९९६ च्या आपल्या आवृत्तीत ती वाचू लागलं. जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या भाषेची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. रॉय फील्डिंग आणि बर्नर्स-ली तिच्या लेखकांपैकी. तिच्यात ही ओळ सक्तीची केली: नाव नसलेली मागणी आली तर सर्व्हरने चूक दाखवून परत पाठवावी. क्रमांकांची उधळपट्टी थांबवणं हा हेतू त्या मसुद्यात स्पष्ट लिहिलेला आहे.

यंत्राच्या आत काय होतं तेही सांगतो. सर्व्हरवर एक साधी यादी असते. अमुक नावाने कुणी आलं तर या कपाटातली पानं द्यायची, तमुक नावाने आलं तर त्या कपाटातली. यादीत नसलेलं नाव आलं तर? अपाचीचा नियम असा, की यादीत जो पहिला त्याच्याकडे पाठवायचं. आमच्या पोस्टमनला हा नियम कुणी शिकवला नव्हता, आणि अपाचीच्या मंडळींनी भटवाडी पाहिली नव्हती. या व्यवस्थेला 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणतात. काहीजण मराठीत 'आभासी यजमान' लिहितात. मला ते पटत नाही. यजमान चांगला खरा असतो, त्याच्या यंत्राचं विजेचं बिल खरं असतं. आभास असतो तो पाहुण्याच्या स्वतंत्र घराचा.

या एका ओळीने घरभाडं उतरलं. एका यंत्रावर शेकडो गिऱ्हाइकं बसवता येऊ लागल्यावर जागा वर्षाला काही हजार रुपयांत, पुढे काही शेकड्यांत मिळू लागली. मुंबईच्या उपनगरात यावर एक मोठा धंदा उभा राहिला. भाविन आणि दिव्यांक तुराखिया हे दोघे भाऊ, १९९८ साली दोघंही विशीच्या आतले. वडिलांकडून पंचवीस हजार रुपये उसने घेऊन त्यांनी 'डायरेक्टी' ही कंपनी काढली. नावं नोंदवून द्यायची आणि साइटला जागा द्यायची. कंपनी पुढे अंधेरीत वाढली. तिची 'रिसेलरक्लब' ही शाखा म्हणजे शुद्ध पोटभाड्याची पद्धत. तुम्ही घाऊक जागा घ्या आणि तुमच्या ओळखीतल्या दुकानदारांना, डॉक्टरांना, क्लासवाल्यांना किरकोळीने द्या. २०१४ च्या सुरुवातीला त्यांचा हा व्यवसाय एन्ड्युरन्स या अमेरिकन कंपनीने विकत घेतला. ज्या शहरात पोटभाडेकरूचा कायदा कोळून प्यालेली माणसं गल्लोगल्ली आहेत, तिथे हा धंदा फुलला याचं मला काही नवल वाटत नाही.

आमची कवितेची साइट याच काळातली. चार-पाच मित्र, त्यात दोघं मुसलमान, एक बोरिवलीचा शिक्षक, एक बँकेत. आम्हाला नियतकालिक काढायचं होतं; कागदाचे आणि छपाईचे भाव विचारले आणि वेबसाइट काढली. वर्षाचं भाडं पाचजणांत वाटलं की माणशी चार-पाचशे रुपये यायचे. मराठी अक्षरं दिसण्यासाठी वाचकाला आधी एक फॉण्ट उतरवून घ्यावा लागे. तो नसेल तर आमच्या कविता म्हणजे उलट्यासुलट्या रोमन चिन्हांचा सडा. तरीही आमचं स्वतःचं नाव होतं. आमच्यासारख्यांना हे किती मोठं वाटलं ते कसं सांगू? घर शोधताना माझं नाव ऐकून 'जागा गेली हो' म्हणणारे लोक मी या उपनगरांत पुष्कळ पाहिलेत. इथे नाव सांगितलं की दार उघडत होतं.

सामाईक घराचे ताप मात्र लवकरच कळले. एके दिवशी आमचं नाव टाकलं आणि पडद्यावर बाथरूमच्या फरशा आल्या. निळ्या, फुलाफुलांच्या, चौरस फुटाचे भाव दिलेले. जागा देणाऱ्याने यंत्र बदललं होतं आणि नव्या यादीत आमचं नाव घालायचं विसरला होता. यादीतला पहिला भाडेकरू फरशीवाला, त्यामुळे आमचे वाचक त्याच्याकडे. बँकेतला मित्र म्हणाला, कवितेपेक्षा याला मागणी जास्त आहे, राहू दे. दुसऱ्यांदा आमची पत्रं परत यायला लागली. नवीन अंक निघाला की वाचकांना ई-पत्र पाठवायचो, ती नाकारली जाऊ लागली. त्याच क्रमांकावरचा कुणी शेजारी लाखोंनी जाहिराती पाठवत होता आणि टपाल तपासणाऱ्यांनी तो क्रमांकच काळ्या यादीत टाकला होता. आमच्याच नाही, त्या क्रमांकावरच्या सगळ्यांच्या टपालाला बंदी. जागा देणारा फोन उचलत नव्हता. पंधरा दिवसांनी आपोआप सुटका झाली.

ही गोष्ट आमच्यापुरती असती तर मी आज बोललो नसतो. २००३ च्या फेब्रुवारीत हार्वर्डच्या बर्कमन सेंटरमधल्या बेन एडेलमन यांनी मोजदाद प्रसिद्ध केली. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग या चालू नावांपैकी ८७ टक्क्यांहून जास्त नावं आपला क्रमांक दुसऱ्या कुणाशी तरी वाटून घेत होती, आणि दोन तृतीयांशांहून जास्त नावांना पन्नास किंवा त्याहून अधिक शेजारी होते. म्हणजे बहुतेक सगळं वेब चाळीत राहत होतं. एडेलमन यांना चिंता होती ती बंदीची. सरकार एका साइटवर बंदी घालतं तेव्हा इंटरनेट पुरवणारी कंपनी सोपा मार्ग म्हणून क्रमांक बंद करते. एका खोलीतल्या माणसासाठी चाळीच्या फाटकाला कुलूप. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नेमकं हेच झालं. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या साइट रोखण्याचा कायदा, हेतू शंभर टक्के योग्य. पण चारशेहून कमी साइट रोखताना अकरा लाखांहून जास्त निर्दोष साइट बंद पडल्या. सप्टेंबर २००४ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

आपल्याकडे २००३ साली याहूच्या एका गटासाठी याहूचे सगळेच गट काही दिवस बंद झाले होते. पण मुंबईकराला झळ लागली ती २००६ च्या जुलैत. ११ जुलैच्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. ही माझ्या रोजच्या येण्याजाण्याची स्टेशनं. दोनशेच्या आसपास माणसं गेली. त्या आठवड्यात माझ्यासारख्या नावाची माणसं फलाटावर पिशवी उघडून दाखवायची आणि नाव विचारलं की हळू सांगायची.

१३ जुलैला दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना पानांची आणि साइटची एक यादी पाठवली. मोजकीच नावं होती, सतराच्या आसपास. त्यांतले काही ब्लॉगस्पॉटवरचे ब्लॉग होते. ब्लॉगस्पॉट म्हणजे या व्यवस्थेचं टोक: प्रत्येक ब्लॉगचं नाव वेगळं, पाठीमागचे पत्ते सामाईक. अनेक कंपन्यांनी नावं निवडण्याची तसदी घेतली नाही, सगळं ब्लॉगस्पॉट बंद केलं. त्यात पाककृती होत्या, प्रवासवर्णनं होती, माझ्या एका तरुण स्नेह्याच्या गझला होत्या. आणि स्फोटातल्या जखमींची माहिती, इस्पितळांचे फोन नंबर, बेपत्ता नातेवाइकांची चौकशी चालवणारे ब्लॉगही त्याच छपराखाली होते. आरडाओरडा झाला, खात्याने कंपन्यांना खुलासा मागितला, काही दिवसांनी फाटक उघडलं. यादीत नेमकं कोण होतं आणि का, हे मात्र बिऱ्हाडकरूंना कुणी अधिकृतपणे येऊन सांगितलं नाही. मला त्यातली बंदी तितकी खटकली नाही, संकटात सरकारला काही दारं लावावी लागतात. खटकला तो आळस. नाव लिहिलेलं असताना ते न वाचण्याचा आळस.

नावाची हीच अडचण पुढे दुसऱ्या रूपात आली. बँकेचे व्यवहार करताना जी कुलूपबंद जोडणी वापरतात, तिच्यात ओळखपत्र आधी दाखवायचं असतं आणि नावाची ती 'होस्ट'ची ओळ कुलूप लागल्यावर पाठवायची असते. म्हणजे कुणाचं ओळखपत्र दाखवायचं हे सर्व्हरला कळायच्या आत दाखवावं लागायचं. म्हणून कुलूपबंद साइटला पुन्हा स्वतंत्र क्रमांक आला आणि ती चैन झाली. २००३ च्या जूनमध्ये यावर उपाय लिहिला गेला, संक्षेपाने एसएनआय: जोडणीच्या पहिल्याच निरोपात नाव उघड सांगायचं. पण विंडोज एक्सपीवरच्या एक्सप्लोररला हे कधी जमलंच नाही, आणि आपल्या सायबर कॅफेंत तर बरीच वर्षं एक्सपीच होतं. त्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये थांबवली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने ओळखपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली आणि कुलूप चाळीतही आलं.

क्रमांक तोवर संपले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गठ्ठ्यावर आला. १९९७ ची ती ओळ नसती तर हा दिवस किती आधी उजाडला असता कोण जाणे.

एसएनआयचं एक कुसर आहे. कुलूप पेटीला, पण नाव पेटीवर बाहेर लिहिलेलं. वाटेतला कुणीही ते वाचू शकतो. २०१९ साली बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी दाखवलं, की जिओच्या जाळ्यात साइट अडवण्यासाठी हेच नाव वाचलं जातं. म्हणजे २००६ मधला आळस गेला. आता फाटक बंद होत नाही, नेमकी खोली बंद होते. चाळीतले बाकीचे सुटले याचा आनंद मानायचा, की कोण कुणाकडे जातो हे कुणीतरी वाचतंय याची काळजी करायची? मी दोन्ही करतो. ते नावही झाकून नेण्याची सोय २०२३ पासून मोठ्या ब्राउझरांत येऊ लागली आहे.

मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटणारी तारीख आहे २७ ऑगस्ट २०१४. त्या दिवशी देवनागरीतलं 'डॉट भारत' सुरू झालं. हिंदी, मराठी, कोकणी, सिंधी, नेपाळी अशा आठ भाषांसाठी. आता संपूर्ण नाव आपल्या लिपीत लिहिता येतं, काना-मात्रेसह. नोंदवहीला मात्र अजून रोमन अक्षरंच कळतात. म्हणून आपण 'भारत' लिहिलं की ब्राउझर त्याचं गुपचूप एक रूपांतर करतो: एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि मग एच२बीआरजे९सी. 'होस्ट'च्या ओळीत हेच जातं. सर्व्हर आपल्या यादीत हीच अक्षरं शोधतो, सापडली की त्या कपाटातली पानं काढून देतो, आणि पडद्यावर वरच्या पट्टीत आपल्याला दिसत राहतं ते देवनागरी नाव.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)